पेटी पुढे गेली

"गाणाऱ्याच्या मागून चालावं, शुभदा. पदराला हात लागेल इतकं जवळ, पण पदर ओढला जाणार नाही इतकं लांब."

कुमुदताईंनी हे सांगितलं तेव्हा मी नुकतीच लग्न होऊन या गावात आले होते आणि देवीच्या देवळात त्यांच्या कीर्तनाला पहिल्यांदाच पेटी घेऊन बसले होते. साथीचं आणखी काही त्यांनी मला कधी शिकवलं नाही. गरजही पडली नाही. कीर्तनकार उभ्यानं गातो, मध्येच बोलतो, एखादी ओळ दुसऱ्यांदा घेताना भलतीकडे वळवतो. पेटीवाल्याला ते आधी ठाऊक नसतं. तो ऐकतो आणि त्याच दमात वाजवतो. ऐकणं आणि वाजवणं यांच्यामध्ये एक बारीकशी फट उरते. ती दिसत नाही, पण गाणाऱ्याला त्या फटीतून वारा लागतो. ताई कुठंही वळायच्या आणि मी मागून पोचायची.

रोज दिवेलागणीला ताई देवीपुढं एक पद म्हणत आणि मी पेटी धरत असे. तो आमचा नेम. ताप असो, पूर असो, पाहुणे असोत. माझे नेम तसे बरेच आहेत. सोमवारी दुपारपर्यंत मौन, गुरुवारी एकवेळ, चातुर्मासात आणखी काही. हे माझी थट्टा करायचे, "तुझ्या कॅलेंडरात मला नीट जेवायला घालायचा एखादा वार शिल्लक आहे का, तेवढा बघून सांग."

पोटासाठी मी मुलांना पेटी शिकवते, भजनी मंडळांना साथ करते, शाळांच्या स्नेहसंमेलनांना जाते. पण मी स्वतः कधी रीतसर शिकले नव्हते. कानावर पडलं ते उचललं, एवढंच. पन्नाशी जवळ आली तशी ती खंत वाढायला लागली. समोर बसलेल्या पोरीनं "बाई, हे असं का?" विचारलं की मी म्हणायची, "असंच असतं गं." रात्री ते उत्तर मलाच टोचायचं.

ऑनलाइन शिकवण्या पूर्वीही होत्या. मी दोन करून पाहिल्या होत्या. भरून ठेवलेले धडे लावायचे आणि पडद्यासमोर वाजवायचं. पडद्याला कान नसतात. मग हा नवा अभ्यासक्रम निघाला, ज्यात गुरू आणि शिष्य एकाच वेळी वाजवू शकत होते. शिकवणारे होते राजोपाध्ये सर, मूळचे धारवाडकडचे, आता मेलबर्नला स्थायिक. मी हो-नाही करत होते. कुमुदताईंनीच रेटलं. "शिक की. मला तरी कुठं सगळं येतं? तू शिकलीस तर मलाही चार गोष्टी ऐकायला मिळतील."

एकत्र वाजवण्यातली अडचण जुनी होती. इथून मेलबर्नला आवाज पाठवायचा तर प्रकाशालाही वेळ लागतो, आणि वाटेतली यंत्रं त्यात आपली भर घालतात. बोलताना ते जाणवत नाही. वाजवताना मात्र घोळ होतो. मी समेवर येते, सरांना ती उशिरा ऐकू येते, ते थबकतात, त्यांचं थबकणं मला आणखी उशिरा कळतं, मग मी थबकते, आणि दोघं मिळून लय मातीत घालतो. प्रकाशाचा वेग तर कुणाला वाढवता येत नाही.

म्हणून संशोधकांनी दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली. बोट पेटीच्या पट्टीवर पडण्याआधी मेंदूचा हुकूम हाताच्या स्नायूंपर्यंत पोचलेला असतो. स्नायूत बारीकशी वीज उमटते आणि मग बोट हलतं. हा अवधी पापणी लवण्याहूनही लहान, पण यंत्राला तो बराच मोठा. मनगटावर बांधायचा एक मऊ पट्टा ती वीज वाचायचा आणि सूर वाजण्याआधीच तो सरांकडे धाडायचा. जे अंतर तरीही उरायचं, ते माझ्या वाजवण्याच्या सवयींवरून बांधलेल्या अंदाजानं भरून निघायचं. उलट दिशेनंही तसंच. सर जो सूर घेणार, त्याची चाहूल मला मनगटावर हलक्याशा टिचकीनं लागायची. टिचकी लागली की हात निघायचा.

पहिल्या दिवशी आम्ही साधं भूपाचं एक गाणं घेतलं. सर समुद्रापलीकडे, मी माजघरात, आणि सम दोघांची एकदम पडली. मी पेटीचा भाता धरूनच देव्हाऱ्याकडे पाहिलं. सर हसले. म्हणाले, "नमस्कार नंतर करा, अंतरा राहिलाय."

सूचनापत्रात लिहिलं होतं की पट्टा आठवड्यातून तीनदा वापरावा. मला ते अर्धवट वाटलं. विद्या म्हणजे उपासना, आणि उपासनेत खंड नको. मी संकल्प सोडला की अभ्यासक्रम पुरा होईपर्यंत रोज पहाटे, पूजा झाली की, पट्टा बांधून रियाज करायचा. सर नसायचे त्या दिवशी यंत्रच सरांच्या सवयींवरून सरांसारखं वाजवायचं. सोयर आलं, सुतक आलं, देवाला हात लावायचा नाही असे दिवस आले, तरी रियाज चुकला नाही. दोन वर्षं मी तो नेम पाळला. परीक्षेत पहिली आले. ताईंनी देवळात पेढे वाटले.

गेल्या वर्षीच्या उत्सवात मला पहिल्यांदा कळलं.

ताई पूर्वरंगातलं एक पद घेत होत्या. दुसऱ्या ओळीला त्यांनी हात उंचावला, श्वास घेतला, आणि त्या तोंड उघडणार इतक्यात माझं बोट गंधारावर पडलेलं होतं. ताई त्याच गंधारावर आल्या. मला वाटलं, योगायोग. पुढच्या ओळीला पुन्हा तसंच. मनगटावर पट्टा नव्हता, टिचकी नव्हती. त्यांच्या खांद्याची हालचाल, मान कलण्याची रीत, श्वास किती लांब घेतला, एवढ्यावरून माझा हात निघत होता. आणि चुकत नव्हता. मी हात मागं ओढायला बघत होते, तर तो ओढण्याआधीच जाऊन आलेला असायचा.

लोक खूश होते. सरपंचीणबाई मुद्दाम येऊन म्हणाल्या, "दोघींचं काय जमलं हो आज, एकाच गळ्यातनं आल्यासारखं."

तबल्याला श्रीपती गुरव होता. बरीच वर्षं आमच्याबरोबर आहे, आणि त्याच्या तोंडाला फडकं कुणी बांधू शकलेलं नाही. तबला गवसणीत घालता घालता म्हणाला, "शुभदाताई, आज पेटीला लईच घाई. म्हटलं, हिची यष्टी चुकतीया का काय."

मी ताईंकडे पाहिलं. त्या ओवा घातलेलं गरम पाणी पीत होत्या.

घरी आल्यावर मी पट्टा डब्यात घालून डबा वरच्या फळीवर ठेवून दिला. महिनाभर पेटीला हात लावायचा तो फक्त देवळात. फरक पडला नाही. उलट दिवेलागणीच्या पदात मला दुसरंच काही दिसायला लागलं. ताई आता वळत नव्हत्या. त्यांची म्हणून जी वळणं होती, ओळ सोडून देऊन मग तिला खालून येऊन धरायची त्यांची खोड, ती दिसेनाशी झाली. माझा हात ज्या सुरावर जाऊन बसे, तिथं त्या मुकाट्यानं येत.

यंदाच्या उत्सवाचा विषय निघाला आणि ताईंनी मला घरी बोलावलं. एवढी वर्षं त्यांनी परंपरेनं आलेली आख्यानं लावली होती. या वेळी त्या स्वतः रचलेलं आख्यान लावणार होत्या. पूर्वी आपल्या घाटावर पुराच्या रात्री नावाड्यांसाठी दिवा धरून उभ्या राहिलेल्या एका बाईची गोष्ट. पदं त्यांची, चाली त्यांच्या. त्यासाठी किती वर्षं त्या आतल्या आत गुणगुणत होत्या हे मला माहीत होतं. आता सत्तरी उलटली होती, दम पुरत नव्हता. पुन्हा लावता येईल अशी आशा त्या करत नव्हत्या, आणि तसं बोलूनही दाखवत नव्हत्या.

"चाल सांगते. ऐक आधी," त्या म्हणाल्या.

मी पेटी उघडली नाही. ताईंनी डोळे मिटून पहिली ओळ म्हटली. नदीला पाणी चढतंय तशी ती ओळ हळूहळू चढत गेली आणि मधेच, कुणालाही सुचणार नाही अशा जागी, खाली उतरली. इतक्या महिन्यांनी ताई मला ऐकू आल्या होत्या.

"आता पेटीवर घे."

घेतली. तिसऱ्या ओळीपासून माझा हात पुढं. चौथ्या ओळीला ते खाली उतरणं गेलं. ताई सरळ वर गेल्या, जिथं कुणीही गेलं असतं तिथं. त्या थांबल्या.

"पुन्हा."

पुन्हा तेच. त्यांनी मुद्दाम चाल बदलून पाहिली, मधेच थांबून पाहिलं, मला चकवायला म्हणून एक ओळ गाळून पुढची घेतली. मी काही चकले नाही. मी इतकी वर्षं त्यांच्यामागून चालले होते, त्या कशा चकवतात तेही माझ्या हाताला पाठ होतं.

"पेटी मिट," त्या म्हणाल्या. मी मिटली. मग नुसत्या तंबोऱ्यावर त्या म्हणायला लागल्या. दोन ओळी आपल्या वाटेनं गेल्या, आणि तिसरीला सूर पुन्हा त्या सोप्या जागी वळला. त्यांचे डोळे उघडे होते आणि त्या माझ्या मांडीकडे पाहत होत्या. माझी बोटं साडीच्या काठावर चालत होती.

मी हात पदराखाली घेतले.

"राहू दे," ताई म्हणाल्या. "मान पण हलते तुझी."

त्यांनी तंबोरा भिंतीशी टेकवला. मग त्या म्हणाल्या, "तुला काय बोलू? मला सोपं जात होतं गं. दम कमी पडतो. तू दार उघडून उभी असायचीस आणि मी आत जायची. बरं वाटायचं. आता माझं दार कुठलं होतं तेच मला सापडत नाही."

दुसऱ्याच दिवशी मी अभ्यासक्रमाच्या लोकांशी बोलले. त्यांनी माझी गाठ रेवती नावाच्या एका मेंदूतज्ज्ञ मुलीशी घालून दिली. पडद्यावर तिचा चेहरा फार दमलेला दिसत होता. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"काकू, आपल्या डोक्यात मागच्या बाजूला लहान मेंदू असतो," ती म्हणाली. "वेळेचा हिशेब त्याच्याकडे. चेंडू झेलताना हात कधी पुढं करायचा, ते तो ठरवतो. तुम्ही विचार करून नाही ठरवत. पट्ट्यानं त्याला शिकवलं की सूर येण्याआधी चाहूल येते. तो शिकला. आता पट्टा नसला तरी तो चाहूल शोधतो. श्वासात, मानेत, कशातही. आणि त्याला ती सापडते."

"मग त्याला हे विसरायला लावा."

"सायकल विसरता येते का, काकू?"

तिलाच ते बरं वाटलं नसावं. म्हणाली, "काही वर्षं वाजवलंच नाही तर सवय मंदावेल कदाचित. पण खात्री देत नाही. खोटं कशाला सांगू?"

"बाकीच्यांना झालं का हे?"

"थोड्या जणांना. फार नाही. बाकीचे लोक तुमच्यासारखं रोज करत नाहीत. सुट्टी घेतात, टाळतात, दोन महिन्यांनी सोडून देतात. आम्ही चाचण्या केल्या तेव्हा लोक कंटाळा करणार हे धरूनच चाललो होतो." तिनं मान खाली घातली. "कुणी खंडच पडू देणार नाही, असं आमच्या मनातही आलं नव्हतं."

मग सरांना फोन लावला. सगळं सांगितलं. सर म्हणाले, "तुम्ही मला हे आधी विचारायला हवं होतं, आणि मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. गेल्या साली मी इथल्या एका बासरीवाल्याबरोबर समोरासमोर बसलो होतो. अर्ध्या तासानं त्यानं बासरी खाली ठेवली. म्हणाला, तू वाजव, मी ऐकतो. तेव्हापासून मी कुणाबरोबर बसत नाही. पट्ट्यावरच शिकवतो. तिथं सगळेच पुढं असतात, त्यामुळं कुणी कुणाच्या पुढं जात नाही."

"मग मी काय करू, सर?"

"मला ठाऊक असतं तर मी इथं एकटा बसलो असतो का?"

त्या आठवड्यात मी काय काय केलं ते सांगण्यात अर्थ नाही. बोटांना चिंध्या गुंडाळून वाजवलं, डोळ्यांवर पट्टी बांधून वाजवलं, कानात कापूस घालून वाजवलं. देवीला नवस बोलणार होते, पण काय मागायचं तेच ठरेना. इतकी वर्षं मी तिच्याकडे मागत आले होते की माझ्या हातून चूक होऊ देऊ नको. आता हात चुकत नव्हता. तिला काय म्हणणार?

उत्सवाला चार दिवस उरले तेव्हा ताई स्वतः आमच्याकडे आल्या. पायऱ्या चढून धाप लागली होती. यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि उगाचच परसात निघून गेले.

"श्रीपतीला सांगितलंय," ताई म्हणाल्या. "तबला आणि तंबोरा. पेटी नाही."

"बरं."

"तो म्हणाला, म्हातारीला येड लागलं. मी म्हटलं, लागू दे." त्या किंचित हसल्या. मग पदराच्या टोकाशी चाळा करत राहिल्या. "शुभदा, तू देवळातही येऊ नकोस."

मी मागं बसेन, खांबाआड बसेन, असं काहीतरी बोलायला गेले.

"खांबाआड असलीस तरी मला ठाऊक असेल ना. मग मी गाता गाता विचार करणार, इथं शुभदानं कुठला सूर धरला असता? काल एकटी म्हणत होते तेव्हाही तेच. न्हाणीघरात म्हणून पाहिलं, तिथंही तू. शेवटी मनाशी म्हटलं, शुभदा आज गावात नाही, नदीपलीकडे गेलीय, तिला काही ऐकू यायचं नाही. तेव्हा कुठं ती ओळ खाली उतरली. एकदाच उतरली, पण उतरली." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "त्या संध्याकाळी तू गावात राहू नकोस. खरंच जा. मला खोटी खोटी समजूत घालून जमणार नाही."

देवाला शिवायचं नाही ते दिवस सोडले तर लग्न झाल्यापासून एकही दिवेलागण मी देवीपुढं चुकवली नव्हती, आणि उत्सवाची तर नाहीच. ताईंनाही तेच दिसत असावं.

"नेम तुझा आहे," त्या म्हणाल्या. "तो मोड असं सांगायचा अधिकार मला नाही. मी मागतेय नुसती. नाही म्हणालीस तरी मी रागावणार नाही."

त्या खरंच रागावल्या नसत्या. तेच अवघड होतं. मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि म्हटलं, "जाईन. पुलापलीकडे वन्संच्या गावी जाईन. कीर्तन संपेपर्यंत येणार नाही. शब्द देते."

ताईंनी माझा हात उलटा करून तळवा पाहिला, जसं लहान मुलाचा पाहतात, आणि सोडून दिला. जाताना दारात एवढंच म्हणाल्या, "जेवून जा हो. तुझ्या नणंदेकडे सगळं तिखट असतं."

उत्सवाच्या दिवशी हे म्हणाले, "मी येतो तुझ्याबरोबर."

"नको. तुम्ही देवळात जा. पुढंच बसा."

"मला त्यातलं काय कळतंय? मला तबला आणि पखवाज यातला फरक अजून सांगता येत नाही."

"म्हणूनच सांगतेय. तुमच्याकडे बघून ताईंना काही आठवायचं नाही."

ते हसले, पण मग त्यांनी धुतलेला सदरा मागितला.

उन्हं कलली तशी मी देव्हाऱ्यापुढं निरांजन लावलं. काय म्हणावं ते कळेना, म्हणून काहीच न म्हणता हात जोडून उभी राहिले. पिशवीत एक साडी आणि वन्संसाठी थोडे लाडू घेतले. पेटी कोपऱ्यात होती. तिच्यावर फडकं नीट केलं आणि दार ओढून घेतलं.

गल्लीतून सगळे देवळाकडे निघाले होते. बायकांच्या अंगावर इरकली, हातात पुरणाची ताटं. मी एकटीच उलट चालले होते.

"शुभदाताई, देऊळ हिकडं हाय," चौकात कुणीतरी ओरडलं आणि बायका हसल्या.

"हो, माहीत आहे," मी म्हटलं. "जरा जाऊन येते."

वेशीशी पोचले तेव्हा मागून कर्णा खरखरला. श्रीपती तबला जुळवत होता. हातोडीचा एक ठोका, एक थाप, पुन्हा ठोका. तंबोरा सुरू झाला. पिशवीच्या बंदावर माझी बोटं हलायला लागली. ताई आता उभ्या राहिल्या असतील, पदर सारखा करत असतील, आणि पहिला श्वास घेण्याआधी एकदा पेटीच्या जागेकडे त्यांची नजर जाईल. तिथं काही नसेल. मग ती ओळ खाली उतरेल की नाही, ते मला कधी कळणार नव्हतं. यांना विचारून उपयोग नव्हता, आणि ताईंना मी विचारणार नव्हते.

पूल अजून थोडा लांब होता. त्यांचा आवाज लागायच्या आत तो ओलांडायचा होता. मी पिशवी काखेत घट्ट धरली, पदर खोचला आणि पाय उचलला.